धुराची मशीन मागून पाठवा, आधी सुई द्या : विदर्भातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना एका रिटायर एमपीडब्ल्यूचं खुलं पत्र

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब आणि आदिवासी विकासचे प्रकल्प अधिकारी साहेब, कोण्या एका जिल्ह्याचे नाही, विदर्भातले सगळेच,

नमस्कार, जयभीम, जय सेवा.

साहेब मी रिटायर एमपीडब्ल्यू आहे, आरोग्य सेवक. ३१ वर्षं नोकरी केली, बहुतेक सगळी पैनगंगेच्या अलीकडच्या जंगलपट्ट्यात. आता शेती पाहतो, म्हणजे शेतीच मला पाहून घेऊन राहिली असं म्हणा. पत्र लिहायचं कारण असं की मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर मेसेज आला, "मेंदूज्वराची साथ आली, पोट्टे आश्रमशाळेतून घेऊन या". खाली ना गावाचं नाव ना तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या ओसरीवर चार मायबाप उभे, काका आणू का पोरीला घरी. मी म्हटलं कोणता मेंदूज्वर ते तरी सांगा. तर एक जण म्हणे मच्छरचा, दुसरा म्हणे पाण्याचा, आणि एक बाई म्हणे तोच, त्या पोरीला झाला होता तो.

ती पोरगी कोण ते पुढे सांगतो. आधी हे क्लिअर करतो की आपल्याकडे साथ आली असं मी म्हणत नाही, रोग वाढला की नाही ते तुमच्या खात्याने सांगायचं. पण वाढला तर आपण काय करतो ते मी आतून पाहिलंय आणि त्यात माझा हात पण आहे, म्हणून लिहून राहिलो.

पहिली गडबड आहे ती नावातच. आपल्याकडे ताप डोक्यात चढला, माणूस बरळायला लागला की सगळ्याला एकच नाव, मेंदूज्वर. भंडारा गोंदियाकडे धानाच्या बांधीतल्या मच्छरचा जेई, म्हणजे जपानी मेंदूज्वर, तो मेंदूज्वर. चांदीपुरा, ज्याचं नावच आपल्या नागपूरजवळच्या गावावरून पडलं, १९६५ मध्ये तो व्हायरस तिथं सापडला म्हणून, तो भिंतीच्या भेगेतल्या वालुमाशीनं होतो, तो पण मेंदूज्वर. गडचिरोलीत मलेरिया डोक्यात गेला तरी लोकं तेच म्हणतात. २०१८ ला स्क्रब टायफसनं विदर्भात माणसं मेली, तो गवतातल्या बारीक किड्याचा, त्यालाही काही जण मेंदूज्वरच म्हणत होते. म्हणजे आपल्या डोक्यात एवढं पक्कं बसलंय की मेंदूज्वर म्हणजे काहीतरी चावलं, आणि चावलं म्हणजे फवारणी करा. लोकांच्याच नाही, खात्याच्याही डोक्यात तेच.

आणि मी ज्याबद्दल बोलतोय तो मेनिंगोकोकस नावाच्या जंतूचा मेंदूज्वर, तो काही चावल्यानं होत नाही. तो माणसाच्या घशात राहतो. धडधाकट दहा माणसांतल्या एखाद्याच्या नाकाघशात तो जंतू गुपचूप असतो, त्याला काहीच होत नाही, तो फक्त नेआण करतो. खोकला, शिंक, लाळ, एका खोलीत अंगाला अंग लावून झोपणं, एका गिलासानं पाणी पिणं, यातून दुसऱ्याकडे जातो. शंभरातल्या नव्याण्णव जणांना तरी काही होत नाही, पण एखाद्याच्या रक्तात शिरला तर सकाळी खेळणारं लेकरू दुसऱ्या सकाळी राहत नाही. इलाज करूनही दहातला एखादा जातो, आणि इलाज झालाच नाही तर निम्मे जातात. आता यात फॉगिंग मशीन काय करणार तुम्हीच सांगा.

आता त्या पोरीचं. नाव, गाव, शाळा काहीच सांगणार नाही, तिच्या बापानं हात जोडून सांगितलंय. माझ्या रिटायरमेंटच्या तीन वर्षं आधीची गोष्ट, जानेवारी महिना, थंडी कडक, कापूस वेचणी सुरू असल्यामुळे मायबाप सगळे दूरच्या शेतावर. निवासी शाळा, ११२ पोरी, झोपायच्या खोल्या चार. गाद्या कमी होत्या म्हणून दोघी तिघी एका गादीवर, आणि थंडीच्या पायी खिडक्या पोत्यानं बंद. (कोणाला दोष देत नाही, थंडीत मीपण तेच केलं असतं.) आठवीतली पोरगी, धावण्यात तालुक्याला गेलेली. मंगळवारी संध्याकाळी म्हणाली पाय दुखून राहिले. अधीक्षिका बाईंना वाटलं प्रॅक्टिसनं दुखत असतील. अंगात ताप, पण हातपाय थंडगार. पॅरासिटामॉल दिली. आता मला माहिती आहे की ताप असून हातपाय थंड पडणं आणि पाय दुखणं, हेच याचं सगळ्यात आधीचं लक्षण असू शकते, मान आखडणं वगैरे पुस्तकातलं नंतर येतं, पण तेव्हा मला पण माहिती नव्हतं मग बाईंना कुठून असणार.

रात्री उलट्या. डोकं धरून रडे आणि म्हणे लाईट बंद करा. पहाटे पायावर जांभळट ठिपके. स्वयंपाकीण म्हणाली माता आली, कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला. कोणी म्हणे गोवर. नऊच्या सुमारास मला फोन आला, मी पोचलो तेव्हा पोरगी अर्धवट शुद्धीत होती, ठिपक्यांवर मी बोट दाबलं, काही समजलं नाही. नंतर मेडिकल कॉलेजच्या एका डॉक्टर मॅडमनं मला शिकवलं, काचेचा साधा गिलास घ्यायचा आणि ठिपक्यावर दाबायचा, गोवराचे घामोळ्याचे पुरळ दाबल्यावर फिके पडतात, हे पडत नाहीत कारण ते कातडीच्या आत सांडलेलं रक्त असते. आणि आपल्या सावळ्या कातडीवर दिसत नसेल तर तळहात तळपाय पाहायचे, डोळ्याची खालची पापणी ओढून आतून पाहायचं. एवढी साधी गोष्ट. ३१ वर्षांत किती ट्रेनिंगांना बसलो, किती बिस्किटं खाल्ली, ही गोष्ट कोणी सांगितली नाही. ठिपके नाहीत म्हणून मात्र निवांत बसू नका हेही त्या मॅडमनंच सांगितलं, काही जणांना ठिपके येतच नाहीत.

मोटरसायकलवर मी पुढे, पोरगी मधे, शिपाई मागे. दहाला पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. एमओ साहेब, तिथले डॉक्टर, तालुक्याला मिटिंगला, त्यांचा दोष नाही, मिटिंगला गेलं नाही तर नोटीस येते. सिस्टर होती, फार्मासिस्ट होता. कपाटात सेफ्ट्रियाक्झोन या अँटिबायोटिकच्या व्हायल होत्या, मीच मागच्या महिन्यात स्टॉक उतरवायला मदत केली होती. सिस्टरनं फोन लावला, फोन लागला नाही. डॉक्टरच्या ऑर्डरशिवाय सुई कशी मारणार, उद्या काही झालं तर नोकरी कोणाची जाणार. चिठ्ठी लिहिली, पुढे न्या. ग्रामीण रुग्णालयात साडेअकरा. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं, चेहरा पडला त्यांचा, म्हणाले सिरियस आहे, चिठ्ठी लिहिली, पुढे न्या. सलाईन लावली, सुई नाही, कारण "तिकडं गेल्यावर पाठीतलं पाणी काढतील, आधी अँटिबायोटिक दिलं तर रिपोर्ट बरोबर येणार नाही". १०८ दुसऱ्या केसवर गेली होती, ती यायला दीड तास. ७० किलोमीटरचा रस्ता. मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत पहिली अँटिबायोटिकची सुई गेली तेव्हा घड्याळात साडेपाच वाजले होते.

साहेब, ज्या कपाटात औषध होतं त्या कपाटासमोरून पोरगी गेली दहाला, आणि तेच औषध तिच्या अंगात गेलं साडेपाचला. साडेसात तास.

मॅडमनं मला तेव्हा स्पष्ट सांगितलं की पाण्याचा रिपोर्ट महत्त्वाचा आहेच, पण ज्याला पाठवायला वेळ लागणार आहे त्याला आधी सुई द्यायची आणि मग गाडीत घालायचं. सुईनंतरही पहिल्या काही तासात पाण्यात रक्तात जंतूचा पत्ता लागू शकतो, कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं, ते नाही आलं तरी पीसीआरवर सापडतो. मेलेल्या लेकराचा एकदम करेक्ट रिपोर्ट घेऊन काय करायचं.

पाण्याचाही एक किस्सा झाला. बाप रात्री पोचला, शेतावरून तसाच, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले. त्याला सांगितलं की पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं आहे, अंगठा द्या. तो उठून उभाच राहिला. नाही म्हणजे नाही. आपल्याकडे हे घराघरात बसलंय ना, पाठीतलं पाणी काढलं की लेकरू लुळं पडते नाहीतर मरते. आणि लोकं उगाच नाही म्हणत, त्यांनी पाहिलंय तसंच, कारण ज्यांचं पाणी काढतात ते आधीच शेवटच्या टोकाला पोचलेले असतात, मरतात रोगानं आणि नाव पाण्याचं होते. मी त्याला बाहेर नेलं, चहा पाजला. माझ्या स्वतःच्या पाठीवर बोटानं दाखवलं, हे पहा बाप्पा, मेन दोरी इथं वरच संपते, सुई टोचतात ती इथं खाली, पार कमरेजवळ, तिथं नुसतं पाणी असते. अर्धा तास गेला. शेवटी म्हणाला तुम्ही म्हणता म्हणून. त्यानंतर तो अंगठा माझ्यावरच उधारी आहे असं मला वाटते. रिपोर्ट आला, मेनिंगोकोकस.

पोरगी वाचली. सतरा दिवसांनी घरी आली. पण दोन्ही कानांनी ऐकू येणं बंद झालं. वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्के लोकांचं असं काहीतरी जाते, कोणाचे कान, कोणाची बोटं, कोणाचा पाय, कोणाला फिट सुरू होतात. साडेसात तास वाचले असते तर कान वाचले असते का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण प्रश्न काही मला सोडत नाही.

आता मागे शाळेत काय चाललं होतं ते ऐका, कारण खरं पत्र मी यासाठी लिहून राहिलो.

बुधवारी दुपारपर्यंत बातमी पसरली आणि संध्याकाळी शाळेला सुट्टी दिली. कोणी दिली, वरून फोन आला म्हणे. ११२ पोरी एसटीनं, काळीपिवळीनं, बापाच्या सायकलवर, २६ गावं पाड्यांत निघून गेल्या. गुरुवारी मी परत आलो तर मला ऑर्डर, वसतिगृहात फॉगिंग करा. आणि साहेब मी केलं. मशीन माझ्याच खांद्यावर होती. रिकाम्या खोल्यांमध्ये मी धूर मारला, जिथं ना मच्छर होता ना माणूस. पेपरवाल्यानं फोटो काढला, आरोग्य विभाग सतर्क. त्या पोरीची चादर आणि ब्लँकेट मैदानात जाळलं, तिची मैत्रीण ज्या गादीवर झोपायची ती गादी पण जाळली. हा जंतू बाहेर फार वेळ जगत नाही हो, चादर धुऊन उन्हात टाकली असती तरी झालं असतं. जाळल्यानं एकच झालं, गावात सगळ्यांना पटलं की त्या पोरीत काहीतरी भयंकर आहे. ती परत आली तेव्हा तिच्या मायला हापशीवर बाया बाजूला सरकून उभ्या राहत. सुई सुरू झाल्यावर २४ तासांनी ती कोणालाच देऊ शकत नव्हती, आणि ती तर सतरा दिवस दवाखान्यात राहून आली होती.

जे करायचं होतं ते काय होतं? गोळ्या. तिच्यासोबत एका खोलीत झोपणाऱ्या, एका ताटात खाणाऱ्या, तिची ओकारी पुसणाऱ्या पोरींना त्याच दिवशी, २४ तासात, प्रतिबंधाचा डोस. सिप्रोफ्लॉक्सासिनची एकच गोळी वयाप्रमाणे एकदाच, किंवा रिफाम्पिसिन दोन दिवस सकाळ संध्याकाळ, नाहीतर सेफ्ट्रियाक्झोनचं एक इंजेक्शन. आणि मग पुढचे दहा दिवस डोळ्यात तेल घालून पाहायचं, कोणाला ताप येतो का. बस. तिच्या खोलीत २९ पोरी होत्या. बुधवारी संध्याकाळी त्या एका छताखाली होत्या, पंधरा मिनिटात काम झालं असतं. गोळ्यांची ऑर्डर आली शनिवारी, तोपर्यंत २९ पोरी १४ गावांत. मी आणि एक आशाताई, माझ्या मोटरसायकलवर, शनिवार रविवार सोमवार. एक पोरगी मायबापाच्या मागं पार तेलंगणात कापूस वेचायला गेलेली, तिला सहाव्या दिवशी फोनवर गाठलं, तिकडच्या सिस्टरला हात जोडून गोळी द्यायला लावली. एकीच्या घरात सात महिन्यांची पोटुशी वहिनी, ती विचारे मलाही द्या. तिला नको होती, ती त्या खोलीत झोपली नव्हती, पण समजावताना घाम फुटला.

दुसरी केस निघाली नाही. त्याला आपण रिपोर्टमध्ये "प्रभावी उपाययोजनेमुळे" असं लिहिलं. नशिबामुळे लिहायला कॉलम नाही ना.

कॉलमवरून आठवलं. तेव्हा आम्ही रोगांच्या नोंदीचा आठवड्याचा एस फॉर्म भरायचो. त्यात तापाचे वेगवेगळे कॉलम असायचे, नुसता ताप, ताप आणि पुरळ, ताप आणि रक्तस्राव, ताप आणि बेशुद्धी. मी या पोरीला कुठं टाकलं माहितीये? पुरळ. कारण सकाळी गोवर म्हणत होते. आठवड्याच्या शेवटी. आता मोबाईलवर आयएचआयपी या सरकारी रोगनोंदीच्या पोर्टलमध्ये त्याच दिवशी भरतात म्हणे, चांगलंच आहे, पण भरणाऱ्याला बेशुद्धी आणि पुरळ एकत्र दिसले की फॉर्म नाही, फोन करायचा असतो हे कोणी सांगितलंय का? आणि तो फोन रात्री अकराला उचलणार कोण?

तुम्ही म्हणाल एका केसवरून एवढं काय. एका केसवरूनच कळते साहेब, साथीत सगळं धूसर होते. पण साथीचंही सांगतो. दिल्लीत १९८५ ला ६,००० च्या वर केसेस झाल्या होत्या. २००५ ला परत आला, ४०० च्या वर. २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरा. म्हणजे हा रोग वीस वर्षं दिसत नाही आणि मग एकदम उठतो, तोपर्यंत ज्यांनी पाहिला ते माझ्यासारखे रिटायर होऊन बसलेले. बाहेर पण तसंच, अमेरिकेसारख्या देशात २०२३ मध्ये ४०० च्या वर केसेस झाल्या, २०१४ नंतरच्या सगळ्यात जास्त, आणि तिथं त्यांचं सरकार डॉक्टरांना पत्र काढून सांगतं की लक्ष ठेवा, दरवेळी मान आखडलेलीच दिसेल असं नाही. आपल्याकडे असं पत्र पीएचसीपर्यंत पोचतं तेव्हा सीझन संपलेला असतो.

दिल्लीच्या २००५ च्या साथीतली एक गोष्ट मात्र तुमच्या टेबलावर असायला पाहिजे. तिथं सापडलेल्या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नव्हती. आता आपल्याकडे सिप्रोची काय गत आहे तुम्हाला माहिती आहे, जुलाब झाले की सिप्रो, लघवीला जळजळ झाली की सिप्रो, किराणा दुकानात पण मिळते कुठं कुठं. म्हणून प्रत्येक जिल्ह्यानं आपल्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांना आत्ताच विचारून ठेवायला पाहिजे की बावा उद्या गरज पडली तर कोणती गोळी द्यायची, आणि ती किती आहे स्टॉकमध्ये. साथीच्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉन्फरन्स घेऊन नाही. (आणि वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, हे वाचून कोणी मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून लेकरांना चारू नका, तुमच्या तशा वागण्यानंच गोळी भोथरी होते.)

लसीचं बरेच जण विचारतात. लस आहे. आणि मजा पहा, आफ्रिकेत ज्याला मेनिंजायटिस बेल्ट म्हणतात, जिथं धुळीच्या कोरड्या दिवसात हजारोंनी माणसं मरायची, तिथं २०१० पासून दिलेली लस आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत. ३५ कोटीच्या आसपास लोकांना दिली आणि या जंतूच्या ए गटाचा मेंदूज्वर तिथं २०१७ नंतर दिसलाच नाही. आता पाच गटांवर एकच लस पण पुण्यातच बनली, २०२४ मध्ये नायजेरियानं पहिल्यांदा वापरली. वाचून छाती फुगते, आणि मग वाटते की पुण्याहून नायजेरिया जवळ की आमचा पाडा. पण मी भावनेत येऊन सगळ्यांना लस द्या असं म्हणणार नाही. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही, कारण आपल्याकडे रोज होणारा हा रोग नाही, आणि त्याच पैशात जिथं दुसरी लेकरं मरून राहिली तिथं खर्च करावा हे मला पटते. आमच्या भागात ही लस खरंच ज्यांनी घेतली ते म्हणजे हजला जाणारे लोकं, नागपूरहून विमानात बसायच्या आधी त्यांना घ्यावीच लागते. माझा मित्र जाऊन आला, तो मला दंड दाखवून म्हणे, तू ३१ वर्षं आरोग्य खात्यात, आणि सुई मला. माझं म्हणणं एवढंच, कुठं एका वसतिगृहात दुसरी केस निघाली तर लस किती तासात, कुठून येणार, हे कागदावर असू द्या. सध्या मला तरी कोणी सांगू शकलं नाही.

तर मागणं काय आहे. पहिलं आणि शेवटचं तेच, सुई. तुमच्या सहीचं एक पानाचं पत्र प्रत्येक पीएचसीत भिंतीवर चिकटवा, की ताप आणि बेशुद्धी, किंवा ताप आणि काचेखाली न जाणारे ठिपके असे दिसले, आणि एमओ हजर नसले, तर त्यांना फोन लावायचा, त्यांचा नाही लागला तर टीएचओला, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, त्यांचा नाही तर ठरवून दिलेल्या मेडिकलच्या ड्यूटी डॉक्टरला, कोणीतरी एक जण फोनवर ऑर्डर देईल, आणि वजनाप्रमाणे सेफ्ट्रियाक्झोनचा पहिला डोस देऊन, चिठ्ठीवर वेळ लिहून, मगच गाडी निघेल. ऑर्डर देणाऱ्याच्या आणि सुई मारणाऱ्याच्या मागं खातं उभं राहील हे त्या पत्रात लिहून. त्या सिस्टरला त्या दिवशी औषध कमी नव्हतं, तो कागद कमी होता. ती आजही मला भेटली की खाली पाहते आणि मला ते पाहवत नाही, कारण चूक तिची नव्हती.

प्रकल्प अधिकारी साहेब, तुमच्यासाठी वेगळं. केस निघाली की वसतिगृह रिकामं करू नका. पालक गेटवर येऊन ओरडतील, आमदाराचा फोन येईल, तरी आधी गोळ्या, मग यादी, मोबाईल नंबर सकट, मग ज्याला न्यायचं त्यानं न्यावं. अधीक्षकांना गिलासाची गोष्ट शिकवा, पाच मिनिटं लागतात. आणि गाद्यांमध्ये थोडं अंतर, खिडकीचं एक तरी पोतं काढलेलं. गाद्या कमी आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, निविदा तुमच्याकडेच निघतात.

सॅम्पलचं एक राहिलं. आपल्याला लसीमुळे सवय लागली, काहीही असलं की बर्फाच्या डब्यात. पाठीतून काढलेल्या पाण्याचं कल्चर करायचं असेल तर त्याला थंडी चालत नाही, जंतू मरतो, मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आपण म्हणतो नव्हताच. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये टाकू नका एवढं तरी लॅबच्या पोरांना सांगा.

आणि लोकांना खरं सांगा हो. आमच्या ग्रुपवर तो मेसेज दोन दिवस फिरला, तुमच्याकडून एक ओळ नाही आली. दवंडी द्या, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगा, गोंडी कोलामीत सांगा, की केस आहे किंवा नाही, कोणाला गोळी लागते, कोणाला लागत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्याला लागत नाही, शाळेच्या अख्ख्या गावाला लागत नाही. लोकं घाबरतील म्हणून तुम्ही सांगत नाही, आणि तुम्ही सांगत नाही म्हणून लोकं घाबरतात.

ओसरीवरच्या त्या चार मायबापांना मी काय सांगितलं? म्हटलं पोरीला आणू नका, पण आज फोन करा, बोला तिच्याशी, आणि बाईंना म्हणा ताप आला तर मला रात्री पण फोन करा. तिघं गेले. ती बाई गेली नाही, दुपारी एसटीनं जाऊन पोरीला घेऊन आली. तिला काय म्हणणार, ती त्या कान गेलेल्या पोरीची मावशी आहे.

पोरगी आता मोठी झाली. शिलाई मशीन चालवते, ब्लाऊज चांगले शिवते, ओठांकडे पाहून निम्मं समजून घेते. मागच्या पोळ्याला मी त्यांच्या गावी गेलो तेव्हा तिनं पाणी आणून दिलं, काचेच्या गिलासात.

त्या २९ पोरींचं रजिस्टर अजून माझ्या घरी आहे, रिटायर होताना जमा करायला पाहिजे होतं, केलं नाही. नाव, गाव, कोणत्या दिवशी किती वाजता गोळी दिली, आणि मागच्या पानावर तीन दिवसांच्या पेट्रोलचा हिशोब, ५४० रुपये, ते बिल कधी निघालं नाही, तेही जाऊ द्या. तुमच्यापैकी कोणाला पाहायचं असेल तर या, नाहीतर माणूस पाठवा. दुपारी चारनंतर मी घरीच असतो, त्याआधी वावरात.

आपला,
एक रिटायर आरोग्य सेवक